रोशनीची म्हैस

फोनवर प्रमोदचं नाव दिसलं आणि मी तो उचलला नाही. मे महिन्यातली दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं, मी आधीच चिडलेली, आणि हा पुन्हा तोच वाद उकरून काढणार याची मला खात्री. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो उशीखाली सरकवला. तिसऱ्यांदा उचलला तो "आता काय आहे रे?" असं ओरडतच. पलीकडे कविता होती, त्याची बायको. "ताई, हे उठून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली... माझा धाकटा भाऊ, आमगावात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा, त्रेचाळीस वर्षांचा, दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याच्यासाठी माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य ते ओरडणं होतं. त्याने ते ऐकलं नाही, तेवढंच बरं झालं.

लोक म्हणतात, ताई, दोन महिने होत आले, आता जरा स्थिर व्हा. मी स्थिर होत नाही. चहा ठेवते आणि गॅस न लावताच बाहेर येते, वर्गात फळ्यावर तारीख लिहिते आणि खडू हातात धरून तशीच उभी राहते. भाऊ गेल्याचं दुःख तर आहेच, ते कुठे जाणार आहे? पण त्याच्या जोडीला एक काम राहून गेलं, आणि ते मला बसू देत नव्हतं. कामठ्याच्या पुढे एका लहानशा गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी शिकवते. आमच्या एकतीस मुलांची नावं प्रमोद प्राणी करून चालवणार होता. त्यातली तीस चालली, एक राहिलं. आणि ते माझ्यामुळे राहिलं.

नावं प्राणी करून चालवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रमोद मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर वापरायचा, कुठल्याही क्लासला न जाता, मोबाईलवर पाहून पाहून शिकलेला. सुरुवात लग्नाच्या व्हिडिओतून झाली. नवरा-नवरीची नावं पडद्यावर यायची, अक्षरं वाकायची, लांबायची, आणि बघता बघता त्यांचे दोन मोर व्हायचे. मग साऱ्या तालुक्याला मोरच हवे झाले. "मोर करू करू मले मोराची ओकारी येऊन राहिली ताई," तो म्हणायचा. त्याला बाकीचे प्राणी करायचे होते, चालणारे. आधी त्याचा सगळा खेळ फसायचा, कारण ते सॉफ्टवेअर आपली अक्षरं सुटी करून टाकायचं, वेलांटी एकीकडे धावायची आणि अक्षर दुसरीकडे उभं. मग त्याला युक्ती सापडली. नाव लिहायचं, त्याचं एकसंध चित्र करायचं, आणि त्या चित्रात जागोजागी पिना टोचायच्या. पिन ओढली की तिथली जागा रबरासारखी ताणली जाते. शिरोरेषा म्हणजे पाठीचा कणा. उभ्या दांड्या म्हणजे पाय. "आपल्या अक्षराले पाठ आहे ताई," तो मला मोठ्या ऐटीत सांगायचा. "इंग्रजीले पाठच नाही. म्हनून त्याचा प्राणी लोळते." मी म्हणायचे, तुझं डोकं फिरलं आहे. आता वाटतं, थोडं अधिक कौतुक केलं असतं तर माझं काय जात होतं?

त्याचं खरं डोकं फिरलं ते आमच्या गावच्या तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, तो हा सण. आमच्या घरात बैलपूजा आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून बंद. पण गावातल्या मंडळींनी त्याला मुलांच्या नावांचे बैल करून मोठ्या पडद्यावर चालवायला सांगितलं, आणि हा लगेच तयार. बाबा कुरकुरले, तर याचं उत्तर तयार होतं, "पूजत नाही म्हनून का बैल ओळखतही नाही मी?" झालं भलतंच. पडद्यावर नावांचे बैल चालू लागले, मुलं टाळ्या पिटू लागली, आणि पुढच्या रांगेत बसलेले एक म्हातारे आबाजी, जन्मभर धानाच्या बांधीत बैलांमागे चाललेले, मोठ्यानं म्हणाले, "बाबू, हा बैल नाही ना! हे तं खुर्ची चालून राहिली." सगळे हसले. प्रमोद खाली उतरून त्यांच्यापाशी गेला आणि विचारलं, काय चुकलं? आबाजींनी जमिनीवर बोटांनी चालून दाखवलं. "बैलाचा मागचा पाय पुढच्याच्या खुनेवर पडते. तुह्या बैलाचे चारही पाय आपल्या आपल्या मनानं पडून राहिले."

दुसरा कुणी असता तर अपमान गिळून घरी गेला असता. हा दुसऱ्या दिवसापासून बैलांच्या मागे. महिनाभर त्याने बांधावर उकिडवं बसून बैलांचे खूर शूट केले. मग शेळ्यांचे, कुत्र्यांचे, बगळ्यांचे. मग माणसांचे. प्रत्येक माणूस वेगळा चालतो, हे त्याला तेव्हा लागलेलं वेड. त्याचा नियम ठरला की ज्याचं नाव असेल त्याची चाल प्राण्याला द्यायची. नाव वाचायच्या आधी बघणाऱ्याने ओळखलं पाहिजे की हा कोण. सौंदडच्या एका लग्नात तो जेवणाच्या पंगतीकडे येणाऱ्या पाहुण्यांचे नुसते पायच शूट करत बसला. नवऱ्याच्या मामाने त्याची कॉलर धरली, "अरे, पाय काऊन घेऊन राहिला? चपला चोरतोस का बे?" ते मिटवायला मला मध्ये पडावं लागलं होतं. घरी येताना गाडीवर तो मागे वळून मला सांगत होता, "पन मामाची चाल पाहिली का तू? पोट पुढं, मामा मागं!" मी म्हटलं, समोर बघ, नाही तर दोघांचीही चाल कायमची बंद होईल.

माझंही नाव त्याने केलं होतं. वाढदिवसाला पाठवलं. मला वाटलं, हरीण असेल, निदान गाय. सुनीता या नावाची टिटवी! तुरूतुरू पळायची, थांबायची, मान वर करून सगळ्यांना दटावायची, पुन्हा पळायची. घरचे हसून हसून लोळले. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातून आत शिरताना खिडकीच्या काचेत मी स्वतःला पाहिलं... तुरूतुरू. त्याचं चुकलं नव्हतं. माझ्याबद्दल तर त्याचं फारसं कधीच चुकलं नाही.

शाळेची कल्पना मात्र माझी. आमच्याकडे वर्गात मोठा टीव्ही आला होता. म्हटलं, जूनअखेरीस शाळा उघडेल त्या दिवशी प्रत्येक मुलाचं नाव त्या टीव्हीवरून चालत जावं. मुलं नाव वाचायला एका दिवसात शिकतील. प्रमोद मार्चमध्ये आला. कुठला प्राणी, हे आईबापांना विचारायचं नाही, मुलांनाच, हा त्याचा दुसरा नियम. एकाने शहामृग मागितलं, एकीने पाल. मग त्याने सगळ्यांना व्हरांड्यातून एकेक करून चालायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं. तीस मुलं चालली. रोशनी त्या दिवशी नव्हती, आईबरोबर कुणाच्या तरी लग्नाला गेलेली. प्राणी मात्र तिने आधीच सांगून ठेवला होता. म्हैस. तिच्या घरी म्हैस आहे आणि ती तिच्या पाठीवर बसते. तिची आई फाटकाशी मला विनवून गेली, "मॅडम, पोरीची म्हैस काय करता? मोर करा ना."

रोशनी पहिलीत होती, सात वर्षांची. ती एक पाय ओढून चालते. जन्मापासून आहे ते. वर्गात बडबडी, पाढे म्हणताना सगळ्यांच्या पुढे, आणि चालताना सगळ्यांच्या मागे. पहिल्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं होतं की या मुलीला तिच्या पायाची आठवण आपण करून द्यायची नाही. कवायतीच्या वेळी मी तिला शिट्टी दिली, म्हणजे तिला पळावं लागू नये. सहलीत तिचा हात मी धरायचा. मला वाटायचं, मी चांगलं करते आहे. अजूनही तसं थोडं वाटतं.

मे महिन्यात मी आमगावला त्याच्या दुकानात गेले, तेव्हा त्याने मला तीसही नावं दाखवली. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. छातीवर हनुवटी टेकवून चालणारा आमचा एक पैलवान होता, त्याचा रेडा अगदी तसाच मान घालून आला. मग त्याने रोशनी उघडली. या नावावर तो भलता खूश होता. पहिल्या अक्षराचा काना, मग श ची दांडी, न ची दांडी आणि वेलांटीची दांडी, म्हणजे चार पाय आयतेच. "चार पाय घेऊनच आली आहे पोरगी," तो म्हणाला. मात्रेची शिंगं झाली होती, वेलांटीची शेपटी. म्हैस नुसती उभी होती, चालत नव्हती.

"हिले सरळ चालव," मी म्हटलं.

"काऊन?"

"काऊन काय काऊन? पाय ओढून चालते ते, सांगितलं ना तुले. साऱ्या शाळेसमोर तिची म्हैस लंगडली तं पोरं काय करतीन?"

"हसतीन," तो शांतपणे म्हणाला. "साऱ्याईच्याच चालीवर हसतीन. तूही आता हसून राहिली होती. एकट्या रोशनीच्याच वेळी पोरं चूप बसले, तं तिले काय वाटन?"

मी म्हटलं, तू शिक्षक नाहीस, वर्गात काय होतं ते तुला कळत नाही. तो म्हणाला, "मग तिलेच विचार ना." मी म्हटलं, "सात वर्षांच्या लेकराला काय विचारू? बाई गं, तुझी म्हैस लंगडी करू का?" आवाज एवढा चढला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. कविताने चहा आणला होता. मी तो न घेता उठले. आमच्यात भांडणं नवी नव्हती, पण चहा टाकून मी कधी उठले नव्हते.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी गोंदियाच्या बाजारात, एका हातात पिशवी. इकडची तिकडची चौकशी नाही, थेट प्रश्न. "ताई, रोशनीचा कोन्ता पाय?" म्हणजे याने ऐकलेलं नव्हतं! माझं डोकंच सणकलं. "डावा," मी म्हटलं आणि फोन कापला. त्यानंतर चार दिवसांनी तो खुर्चीत गेला...

घरी प्रमोदचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कविताने मला त्याच्या संगणकासमोर बसवलं. "ताई, तुमच्या शाळेचं सारं यात आहे," ती म्हणाली. तीस फाइली मुलांच्या नावांच्या. रोशनीच्या मात्र दोन होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'रोशनी ताईची'. दुसरीवर, 'रोशनी रोशनीची'. त्याने भांडणानंतर माझ्या म्हणण्याप्रमाणेही करून ठेवली होती, आणि त्याच्या मनाप्रमाणेही. मी माझी उघडली. काळी चकचकीत म्हैस, डौलात चाललेली. दुसरी उघडली. म्हैस दोन पावलं आली, पुढचा डावा पाय जेमतेम टेकला न टेकला की उचलला, खांदा खाली गेला, सगळी शिरोरेषा एकदा वाकून पुन्हा सरळ झाली. मला ते पुढे पाहवलं नाही. मी बंद केलं. कविताने विचारलं, "कोन्ती दाखवता?" मी म्हटलं, बघू.

शाळा उघडली त्या दिवशी तीस नावं चालली. काय दंगा झाला म्हणून सांगू! नाव पूर्ण यायच्या आत मुलं ओरडत होती, हा गोलू, हे पायल! पाल मागणारी मुलगी स्वतःच भिंतीला चिकटून नाचली. पहिल्या रांगेत रोशनी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. प्रत्येक नाव संपलं की ती जरा पुढे सरकायची. शेवटचं नाव गेलं आणि मी टीव्ही बंद केला. "रोशनीचं राहिलं गं," मी म्हटलं. "काका गेले ना आपले." पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता आणि त्यात तिची म्हैस एक नाही, दोनदा होती. मी तीस मुलांसमोर खोटं बोलले. रोशनी म्हणाली, "बरं मॅडम."

त्या "बरं"ने माझी झोप नेली. भाऊ गेल्यावर रडून तरी होतं, याला काय करायचं? घरातले म्हणाले, सरळ चालणारी दाखव आणि मोकळी हो, तिला काय कळणार आहे. खरंच होतं. पण ती दाखवायला घेतली की प्रमोदशी दगाबाजी केल्यासारखं वाटायचं, आणि दुसरी दाखवायचा विचार केला की रोशनीवर हसणारी सगळी शाळा दिसायची. नऊ दिवस तो पेन ड्राइव्ह घेऊन मी कामठ्याच्या रस्त्याने जात-येत राहिले. दोन्ही बाजूंना धानाच्या रोवण्या चाललेल्या, बाया पाण्यात वाकलेल्या, आणि मी गाडीवर बसल्या बसल्या मेलेल्या भावाशी भांडते आहे. तू लंगडवलंसच का? तू आधी मला का नाही विचारलंस? त्याने विचारलं होतं, हे आठवलं की आणखीच राग यायचा.

शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि रोशनी व्हरांड्यात एकटी थांबली होती. तिची आई रोवणीवरून यायची होती. माझ्याच्याने राहवेना. तिला आत बोलावलं, टीव्हीसमोर बसवलं आणि आधी माझी म्हैस लावली. ती डौलात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. रोशनीने तोंड उघडं ठेवून पाहिली.

"हे कोनाची आहे मॅडम?"

"तुझीच की. नाव वाच ना."

तिने अक्षरं लावून वाचलं. "नाव माहं आहे," ती म्हणाली.

मी दुसरी लावली. म्हैस आली, पाय जेमतेम टेकला, खांदा वाकला, पाठ वाकली, सरळ झाली. रोशनी एकदम ताठ बसली आणि मग खदखदून हसली. "हे माही आहे! मॅडम, हे माही आहे! आनखी लावा!" मी लावली. पुन्हा लावली. ती प्रत्येक पावलाला हसत होती आणि मी तिच्यामागे उभी राहून डोळे पुसत होते. प्रमोद जिंकला होता आणि मला त्याचं इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

पाचव्यांदा लावली तेव्हा ती उठून टीव्हीपाशी गेली. म्हशीच्या पायावर बोट ठेवलं, आपल्या पायांकडे पाहिलं, पुन्हा म्हशीकडे.

"मॅडम, पाय चुकला."

"चुकला?"

"हा नाही. माहा हा आहे." तिने उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

एक अख्खं वर्ष ती माझ्या वर्गात होती. शिट्टी मी दिली, हात मी धरला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिच्या पायाकडे पाहायचंच टाळलं, आणि ते इतकं नेमानं टाळलं की कुठला पाय, हेच मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, हेही माहीत नव्हतं. बैलाचे खूर बघत महिनाभर बांधावर बसणाऱ्या माझ्या भावाने आयुष्यातली शेवटची चाल न पाहता केली, माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून. मी बाजारात, रागात, ठामपणे तो शब्द चुकीचा सांगितला होता.

"चालून दाखवू?" रोशनीने विचारलं. माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं, मॅडमना पटलेलं नाही. ती फळ्यापासून निघाली, दारापर्यंत गेली, वळली. माझे डोळे सवयीने तिच्या चेहऱ्यावरच होते.

"तोंडाकडे काऊन पाहून राहिल्या मॅडम? पायाकडे पाहा ना!"

मी पाहिलं. पहिल्यांदाच, नीट, पूर्ण. उजवा. टाच टेकत नव्हती, बाहेरच्या कडेवर भार घेऊन ती पाय अर्धवर्तुळात पुढे आणत होती, आणि त्या प्रत्येक वेळी डावा खांदा जरासा वर जात होता. माझा हात पर्समध्ये जाऊन फोन शोधायला लागला, प्रमोदला सांगायला, उजवा रे, उजवा... नंबर निघालाही. रोशनी तोवर फळ्याशी पोचून पुन्हा दाराकडे निघाली होती आणि मला म्हणत होती, "आता दिसलं का?"